खैरपोळीचा ळ

प्रिय आत्या,

तरी मी तुले सांगतच होतो, तो ळ काढून टाक म्हणून. शाळेत होतो तेव्हापासून सांगत होतो. पण तू कधी कोणाचं ऐकलं? हसायची अन म्हणायची, "रंग संपला." आता पाह्य, तू गेली, स्टेशन गेलं, रूळ गेले, अन ते भांडण तेवढं माझ्या गळ्यात राहिलं. तेही इथं गुजरातेत, मोरबीत, भट्टीच्या तोंडाशी, टाइल्सचे बॉक्स बांधता बांधता!

तू गेली त्याले वर्ष होत आलं. तुले पत्र लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. मी कधी कोणाले पत्र लिहिलं? आठवीनंतर पेन हातात घेतला तो पगाराची सही करण्यापुरता. पण परवा खैरपोलीच्या सरपंचाचा फोन आला अन डोकं असं फिरलं की कोणाले तरी बोलून दाखवल्याशिवाय राहवेना. ज्याच्यावर राग आहे त्यालेच बोलावं ना? म्हणून तुले.

सरपंच कोण झाला माहीत आहे का? मनहरण. आपल्या छोट्या गाडीत बिनाटिकट बसायचा अन तुले पाहून सिटाखाली घुसायचा, तोच. आता मोठा माणूस झाला, मले "मंगेश भैया, मंगेश भैया" करून राहिला होता. म्हणे, छोट्या रेल्वेलाईनचे रूळ काढले त्या भरावावरून डांबरी रोड पुरा झाला, अन आपलं स्टेशन होतं त्या जागी बस स्टॉप बनला. नवीन टिनाचं छप्पर, सिमेंटचं बाकडं. गावानं ठरवलं की त्यावर स्टेशनचा जुना पिवळा बोर्ड लावायचा. रंग उडाला म्हणून रायपूरवरून पेंटर बोलावला. पेंटरनं बोर्ड पाहिला अन म्हणाला, स्पेलिंग गलत आहे, मी ल लिहून देतो.

अन बाया बोर्डापुढं बसून गेल्या! दहा-पंधरा बाया, टोपल्या बाजूले ठेवून. पेंटरले ब्रश लावू देईनात. म्हणे, मास्टरिन तर गेली, आता तिच्या पोट्ट्याले विचारा, तो सांगीन तसं करा.

मी तुझा भाचा आहे हे त्या गावाले कधी कळलंच नाही. मास्टरिनचा पोट्टा, बस.

मले सांग, तू तो ळ लिहिलाच काहून? गावाचं नाव खैरपोली. सारं गाव खैरपोली म्हणते, रेल्वेच्या टिकटावर खैरपोली, ग्रामपंचायतीवर खैरपोली. हिंदीत तर ते अक्षरच नाही. छत्तीसगढीतही नाही. अन तू सरळ मोठ्या ब्रशनं लिहून टाकलं, खैरपोळी. जशी काही तव्यावरून उतरवली!

विचारलं तर म्हणायची, हात वळला. बाकी सारं लिहिताना नाही वळला, नेमका तिथंच वळला? एकदा म्हणाली होती, "खैरपोली म्हटलं तर काही वाटत नाही रे. खैरपोळी म्हटलं की कसं, घरी आल्यासारखं वाटते." अरे पण ते तुझं घर नव्हतं ना! तुझं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत होतं, दोन खोल्या अन सामाईक नळ. तिथून तू रोज सकाळच्या गाडीनं जायची अन संध्याकाळच्या गाडीनं यायची.

अन जायची कशासाठी? हे मले आजपर्यंत समजलं नाही. खैरपोलीची भाजीवाली सोनबती काकी सांगते, तिच्या सासऱ्याच्या काळात तिथं मालगाडी लागायची, धानाची पोती चढायची, लाकूड चढायचं, टोपी घातलेला मास्तर झेंडी घेऊन उभा राहायचा. मग ट्रक आले, मालगाडी बंद झाली. मास्तर गेला. रेल्वेनं स्टेशनचं हाल्ट, नुसता थांबा, करून टाकलं अन टिकट विकायचं काम कमिशनवर काढलं. म्हणजे टिकटं आधी आपल्या पैशानं मोठ्या स्टेशनवरून आणायची, मग खिडकीत बसून विकायची, अन जे दोन-चार पैसे सुटतील ते आपले. गावातलं कोणी घ्यायले तयार नव्हतं. अन रायपूरवरून एक मराठी बाई येते अन म्हणते, मले द्या!

लोक मास्टरिन म्हणायले लागले अन तू फुगली. ना पगार, ना पास, ना पेन्शन. रेल्वेच्या कोणत्याच कागदावर तू रेल्वेची नव्हती. तरी शेजारच्या देशपांडे काकूंसमोर तुझं आपलं एकच, "आम्ही रेल्वेवाले." मले तर लाज वाटायची. एकदा काकूंनी विचारलं होतं, मग नागपूरले जायले पास मिळत असेल ना तुम्हाले? तू म्हणाली, मिळतो, पण आमच्या मंगेशले बसची सवय आहे. माझं नाव काहून मधे घेतलं?

तो बोर्डही रेल्वेनं रंगवला नाही. हाल्टसाठी रंग मिळत नाही म्हणाले. मग तू गोल बाजारातून पिवळा अन काळा रंग आणला, पदर खोचला अन स्टुलावर चढली. ळ जरा जास्तच मोठा झाला. दोन गोलांमधला एक मोठा, दुसरा बारीक. जागा पुरली नाही म्हणून शेवटची वेलांटी खांबाले टेकली. हे सारं मले पाठ आहे, कारण मी खालून स्टूल धरून होतो अन रंग माझ्या डोक्यावर गळून राहिला होता.

अन मग शाळा! तुले वाटते मी विसरलो? हिंदीच्या गुरुजींनी निबंध दिला, रेलवे स्टेशन. मले वाटलं, आपल्या घरचाच विषय. पानभर लिहिलं. जिथं जिथं गावाचं नाव आलं तिथं तिथं बोर्डावर होतं तसंच लिहिलं. गुरुजींनी वही वर धरली, त्या अक्षराले लाल गोल केला अन साऱ्या वर्गाले विचारलं, "ये कौन-सा जानवर है?" मागून कोणी तरी म्हणालं, जलेबी. त्या दिवसापासून मी जलेबी. पुऱ्या पुरानी बस्तीत जलेबी. अजूनही तिथल्या पानठेल्यावर गेलो तर म्हणतात, का रे जलेबी, कब आया?

मी रडत घरी आलो तर तू काय म्हणाली? म्हणाली, "गुरुजीले सांग, आमच्या घरी आहे हे अक्षर." अन पुन्हा पोळ्या लाटायले लागली. मी म्हणालो, उद्याच्या उद्या पुसून टाक. तू म्हणाली, रंग संपला.

शाळा मी त्या अक्षरापायीच सोडली असं मी लोकांले सांगतो. गणितही होतं मधे, पण ते कशाले सांगायचं.

रंगाचं तर पुढं ऐक. कामाले लागलो अन पहिला पगार झाला तेव्हा रायपूरले आलो होतो. तुले साडी नाही आणली. काळ्या रंगाचा डबा आणला अन नवीन ब्रश. तुझ्या हातात दिला. आता तरी रंग संपला म्हणू नको, म्हणालो. तू किती खूश झाली! मले वाटलं, चला, जमलं एकदाचं. महिन्यानं फोन केला तर म्हणते, तुझ्या रंगानं टिकटाची खिडकी रंगवली, काय चमकून राहिली! खिडकी! जिथून दिवसभरात पाच टिकटं जात नव्हती ती खिडकी!

अन बोर्ड? त्याले नाही उरला, म्हणाली.

तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. लाईन बंद झाली तेव्हाही हेच. शेवटची गाडी गेली, लोकांनी इंजिनाले हार घातले, फोटो काढले, अन दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथं हजर. बसनं. आपल्या खर्चानं! रोज नाही, पण आठवड्यात दोनदा तरी. झाडून काढायची अन बसून राहायची. मी फोनवर ओरडलो. गाडी नाही, टिकट नाही, तू काय करून राहिली तिथं? तू म्हणाली, "लोक येतात रे विचारायले, गाडी कधी सुरू होणार म्हणून. कोणी तरी पाहिजे ना सांगायले."

मग सांग ना, की नाही होणार! त्याले रोज कशाले जाते?

मोरबीले ये म्हणालो तर आली नाही. इथं खोली घेतली होती मी, तुझ्यासाठी खिडकीवाली. तुले आवडलं असतं. इथल्या गुजरातीत ळ आहे. लिहायले वेगळा दिसतो, तुझ्यासारखा दोन गोलांचा नाही, पण बोलायले तोच. आमचा सुपरवायझर "फळ" म्हणतो, भेटला म्हणायचं तर "मळ्यो" म्हणतो, जीभ कुठं अडत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बॉक्स धरून उभाच राहिलो. रायपूरमध्ये आपल्या घराबाहेर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता मी तो. तुले सांगायचं होतं. राहून गेलं.

तुझ्या तेराव्याले आलो तेव्हा खैरपोलीलेही जाऊन आलो. खोली पाडली होती. तुझी चमकणारी खिडकी भंगारवाला घेऊन गेला होता. बोर्ड सोनबती काकीच्या अंगणात, चार विटांवर आडवा ठेवलेला, अन त्यावर बड्या वाळून राहिल्या होत्या. उडदाच्या बड्या, आपल्या सांडग्यांसारख्या, ओळीनं, पुऱ्या नावावर. मले वाटलं, बरं झालं. मेला एकदाचा तो ळ, बड्यांखाली.

म्हणून परवा मनहरणनं विचारलं तेव्हा मी एक मिनिट विचार नाही केला. म्हणालो, ल लिही. डोळे मिटून ल लिही. खुशी झाली मले, खोटं काहून बोलू? इतक्या वर्षांनी तुझ्याशी भांडण जिंकलो होतो. भले तू नसताना.

तेवढ्यात फोनमध्ये खडखड झाली. सोनबती काकीनं मनहरणच्या हातातून फोन ओढून घेतला. तुले तर माहीत आहे, ती फोनवर बोलत नाही, शेतातून हाक मारते. म्हणाली, "मंगेश, हमन कोन पढ़े-लिखे रेहेन? हमन तो चश्मा ला देख के उतरत रेहेन, बेटा."

आम्ही कुठं शिकलेल्या होतो? आम्ही तर चश्मा पाहून उतरत होतो.

मले समजेना. कोणता चश्मा? मग तिनं सांगितलं. रायपूरले भाजी विकून परत येताना गाडीत अंधार, आवाज देणारं कोणी नाही. दर स्टेशनवर तसाच पिवळा बोर्ड, तशीच काळी अक्षरं. वाचता येणाऱ्याले काय, तो वाचून घेते. या बायांले सारी अक्षरं सारखी. कितीदा पुढच्या गावी जाऊन उतरल्या अन टोपलं डोक्यावर घेऊन रुळारुळानं परत आल्या. मग तू बोर्ड रंगवला. अन पुऱ्या लाईनवर एकच बोर्ड असा झाला की ज्याच्यावर चश्मा होता. दोन गोल काचा, एक मोठी, एक बारीक. खिडकीतून चश्मा दिसला की उठायचं. नवीन सून आली तर तिले सासू तेवढंच शिकवायची. तुमच्या स्टेशनचं नाव काय विचारलं तर म्हणायच्या, चश्मावाला टेशन.

अन साऱ्या शाळेले ती जलेबी दिसली होती!

काकीनं आणखी सांगितलं. म्हणे, एकदा रेल्वेचा साहेब आला होता तपासणीले. बोर्ड पाहून तुझ्यावर चिडला, दुरुस्त करा म्हणाला. तू ब्रश काढला होता, डबा उघडला होता, स्टुलावर चढलीही होती. तेवढ्यात गाडीतून बाया उतरल्या. तू काय करून राहिली ते पाहून त्यांनी तुझा पदरच धरला. चश्मा फोडू नको, मास्टरिन. तेव्हा तुले पहिल्यांदा कळलं. तू खाली उतरली, झाकण लावलं. अन पुढच्या वेळी साहेब आला तेव्हा त्याले म्हणाली, रंग संपला.

त्यालेही तेच! पुढं दरवेळी तेच.

आता मले एक सांग, आत्या. हे तू मले काहून नाही सांगितलं? एक वाक्य होतं. मंगेश, बाया चश्मा पाहून उतरतात. बस, एवढंच. मी किती वर्षं ओरडलो, तुले अडाणी म्हणालो, गोल बाजारातून डबा उचलून आणला, अन तू पोळ्या लाटत राहिली! तुले वाटलं मले समजणार नाही? की मी उद्या जाऊन साऱ्या बस्तीले सांगीन अन त्या बायांवर लोक हसतील, जसे माझ्यावर हसले? तसं असेल तर तेही सांगायचं होतं. मी तोंड बंद ठेवलं असतं. नसतं ठेवलं कदाचित. पण विचारून तर पाहायचं होतं!

काकीचं बोलणं तिथंही संपलं नाही. आता रोडवर सारे बस स्टॉप एकसारखे आहेत, तेच निळं टिन, तेच बाकडं. कंडक्टरले घाई, थांबा म्हणेपर्यंत बस पुढं. तिचे डोळेही आता अधू झाले. दोनदा बस तिले पुढं घेऊन गेली. एकदा उन्हात परत चालत आली अन घरी पोचून पडली. पोरगा म्हणतो, आता बाजार बंद, घरी बस. अन ती म्हणते, चश्मा लागू दे एकदा, मग पाहू कोण घरी बसवते. मोठा काढायले सांग म्हणाली, दुरून दिसला पाहिजे.

मी म्हणालो, हव काकी.

मग मनहरणले सांगितलं, ळच लिही. तो म्हणाला, पण भैया, शासनाच्या नावात तर ल आहे. मी म्हणालो, शासन बसनं येते का? तू तर सिटाखालून बोर्ड पाहायचा, तुले काय कळणार! हसला बिचारा. म्हणाला, पंचायतीच्या बोर्डावर ल, स्टॉपवर ळ, चालते.

पुढं पेंटर. त्याले ते अक्षर येतच नाही. रंग उडाला तिथून वळणं नीट समजत नव्हती म्हणे. मग मी इथं टाइल्सच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला अन मार्करनं ळ काढला. मी! ज्याले त्याच्यापायी जलेबी म्हणाले तो! फोटो पाठवला. पाच मिनिटांत काकीचा निरोप आला की बाया म्हणतात हा चालणार नाही, दोन्ही काचा सारख्या झाल्या. मास्टरिनच्या चश्म्याची एक काच बारीक होती. पुन्हा काढला. पुन्हा पाठवला. सुपरवायझर विचारून राहिला होता, काय करतोस? म्हणालो, चश्म्याचा नंबर काढून राहिलो. तिसऱ्यांदा पास झाला. त्या शाळेत मी कधी पास झालो नाही, अन तुझ्या बायांनी पास केला.

तरी राग गेला असं समजू नको. अजिबात नाही गेला. हिंदीत ते अक्षर चूक ते चूकच. अन तू मले सांगितलं नाही, तेही चूक. पुढं कधी भेटलो तर पहिलं हेच काढणार आहे, तयारीत राहा.

पण एक वचन देतो. मी आहे तोवर त्या बोर्डावरचा ळ कोणाले ल करू देणार नाही. सरपंच बदलो, पेंटर बदलो, रोड आणखी रुंद होवो. रंग उडाला की रंग माझा. अन दिवाळीले येईन तेव्हा बसमध्ये कंडक्टरले गावाचं नाव सांगणार नाही. खिडकीशी बसून राहीन, चश्मा दिसला की उठीन.

तुझाच पोट्टा,
मंगेश (जलेबी)

ता. क. पेंटर म्हणतो, हे अक्षर त्यानं जन्मात काढलं नाही, मेहनत जास्त आहे, पैसे जास्त लागतील. घासाघीस नाही केली. बोर्डाचे पंधराशे अन एकट्या तुझ्या ळ चे दोनशे, असे मनहरणच्या फोनवर आज पाठवून राहिलो, सतराशे रुपये.